बाणगंगेवरचा पाणीचोर

हे कुणी खरं मानणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. भूमच्या बाजारात उभं राहून माझी म्हैस इंग्रजी बोलते असं मी म्हटलं, तर निदान चार माणसं तिला बघायला तरी येतील. पण मी, बब्रुवान, गेला हिवाळाभर शिडाच्या बोटीतनं बेटाबेटांनी हिंडून आलो असं म्हटलं, की लोक माझ्या तोंडाकडं न बघता चपलांकडं बघतात. समुद्रावरून आलेल्या माणसाच्या चपलांना भूमचीच धूळ कशी, हा त्यांचा संशय.

तरी त्या दिवशी ही गोष्ट सांगणं मला भागच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बार्शी गाडीनं माझा भाचा रणधीर येणार होता, आणि त्याची बायको राजेश्वरी महिनाभर आमच्याच घरी येऊन बसली होती. ती नवऱ्याबरोबर बोटीवर परत जाणार, की उमरग्याला माहेरी, ते अजून ठरलं नव्हतं. भांडण होतं पाण्याचं. बोटीवरचं गोडं पाणी कुणीतरी चोरत होतं. रणधीर म्हणायचा, तू. ती म्हणायची, मी नाही, आणि खरा चोर सापडल्याशिवाय बोटीवर पाय ठेवणार नाही. रणधीरनं फोनवर गळ घातली, "मामा, तुमी थोरलं. काय तरी करा."

म्हणून मी चोर शोधून द्यायचं ठरवलं.

राजेश्वरीला समोर बसवून सांगितलं असतं तर ती उठून गेली असती. मी आपला ओट्यावर फकरुद्दीनला सांगायला बसलो. फकरुद्दीनचं समोरच शिलाईचं दुकान. त्याला डाव्या कानानं कमी येतं, त्यामुळं त्याला सांगितलेली गोष्ट परसापर्यंत ऐकू जाते. उंबऱ्याच्या आत राजेश्वरी आणि माझी बायको कडूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. फट्, फट्, फट्. मी त्या आवाजावर ध्यान ठेवून होतो. आवाज थांबला की समजायचं, आत कुणाला तरी संशय आला.

"फकरुद्दीनभाई," मी म्हणालो, "आज तुमाला पाण्याच्या चोराची गोष्ट सांगतो."

आतनं कडूबाई म्हणाली, "आदी माज्या हंड्याची सांगा. माहेरचा तांब्याचा हंडा घेऊन गेलता, तो कुठाय?"

"येतो, येतो, हंडा बी येतो त्यात."

"गोष्टीत येऊन काय करू? घरात यायला पाहिजे."

तिच्याकडं दुर्लक्ष करून मी बोट पाण्यात लोटली.

बोटीचं नाव बाणगंगा. आमच्या भूमच्याच नदीचं. नदी आठ महिने कोरडी असते आणि बोट बारा महिने पाण्यात, म्हणजे रणधीरनं गावाची भरपाई करून टाकली होती. मोठ्या जहाजांच्या इंजिनखोलीत वर्षं काढून त्यानं ही जुनी बोट घेतली आणि नवराबायको दर हिवाळ्यात बेटं हिंडायला लागले. मला नेलं ते इंजिनासाठी. विहिरीवरचं डिझेल इंजिन मी नुसत्या कानानं दुरुस्त करतो, हे भूम तालुक्यात कुणालाही विचारा.

"बेटं कुठं आली म्हणायची?" फकरुद्दीननं विचारलं.

"अंदमानाच्याबी खाली. नकाशावर माशी बसली की चार बेटं झाकून जातेत."

"नाव काय?"

"तितल्या लोकांनाच म्हाईत न्हाय."

"मग पोस्टमन कसा जातो?"

"न्हाय जात. म्हणून तर सुखी हायेत."

फट्, फट्. ठीक चाललं होतं.

लोकांना वाटतं, बेटं हिंडायची म्हणजे माडाखाली पाय पसरून शहाळं प्यायचं. शहाळं असतं, नाही असं नाही. पण ते प्यायला काठावर जायचं तर छोटी होडी वल्हवायची, काठाजवळ लाट आली की होडी उलटी, आणि शहाळं पिण्याआधी माणूसच पाणी प्यायलेला. सकाळी उठून बघायचं, की रात्रीत नांगर सरकला का. दुपारी बघायचं, की इंजिनात काय अडकलं. भात शिजला की नेमकी बोट कलणार आणि भात जमिनीवर. कपाटात ठेवलेल्या धोतराला बुरशी. लोखंडाला गंज, मिठाला पाणी, माणसाला घामोळ्या. बेटावरनं केळीचा घड आणला की तो आधी समुद्रात बुडवायचा, नाहीतर त्यातली झुरळं बोटीवर बिऱ्हाड करतात. मी एकदा न बुडवता आणला, तर त्यातनं निघालेलं झुरळ एवढं होतं, की रणधीरनं त्याच्याकडं बोटीचं भाडं मागितलं.

"मामा," आतनं राजेश्वरीचा आवाज, "झुरळ बोटाएवढं होतं."

"कुणाच्या बोटाएवढं ते बघावं लागंल," मी म्हणालो आणि पुढं सरकलो.

एकदा दुपारी वादळ आलं. निरभ्र आभाळ, आणि बघता बघता काळं. लाट आली ती ढोकीच्या साखर कारखान्याच्या धुराड्याएवढी. तिच्या टोकावर मी उभा, आणि खाली रणधीर मुंगीएवढा दिसतोय.

"कमरंएवढी लाट होती," राजेश्वरी म्हणाली. "आन् मामा आत पलंगाखाली होते."

फकरुद्दीन हसायला लागला. मी म्हणालो, "पलंगाखालून धुराडं जास्तच उंच दिसतं."

पण मला तिचा राग आला नाही. ती बोलत होती, म्हणजे ऐकत होती. आता मी पाण्यावर आलो.

बोटीवर चहूकडं पाणी आणि प्यायला एक टाकी. बसायच्या बाकाखाली ती टाकी, तिला बाहेरनं एक आरपार दिसणारी नळी आणि नळीवर रणधीरनं मारलेल्या रेघा. पाणी किती उरलं, ते रेघेवर दिसायचं. बेटावर विहीर असली तर कॅन भरून होडीनं आणायचे. पाऊस आला तर ताडपत्री बांधून धरायचा. भांडी, कपडे, अंघोळ सगळं खाऱ्यात. गोडं फक्त पोटात. असा नियम.

आणि तरी रेघ उतरायला लागली. रोज. तिघांच्या पिण्याला लागावं त्याच्या दुप्पट.

पहिला संशय टाकीवर. रणधीरनं बाक उचकटला, सगळे नळ चाचपले. बोटीच्या बुडाशी साचलेलं पाणी हातात घेऊन जिभेला लावून बघितलं. खारट. म्हणजे टाकी गळत नव्हती. गळती असती तर बुडाशी गोडं पाणी लागलं असतं. दुसरा संशय मासेमारांवर. एक म्हातारा रोज होडीतनं यायचा, मासे द्यायचा आणि माझी शेंगदाण्याची चटणी न्यायचा. त्याचा रिकामा डबा जाताना जड वाटतो, असं रणधीरला वाटायला लागलं. एक दिवस त्यानं तो डबा हिसकून उघडला. आत माझीच चटणी. म्हातारा पुन्हा आला नाही आणि आमचे मासे बंद.

मग बाहेरचं कुणी उरलं नाही. उरलो तिघं. तिघांनी जेवताना एकमेकांच्या पेल्याकडं बघायला सुरुवात केली. राजेश्वरीनं गुळण्या केल्या तर रणधीर मोजायचा. रणधीरनं दाढी केली तर ती गालाला हात लावून तो हात चाटून बघायची, खारट आहे का म्हणून.

"तुमच्यावर न्हाय आला व्हय कुणाचा शक?" फकरुद्दीननं विचारलं.

"माज्यावर? भाई, म्या कोणत्या भागातला माणूस? टँकरमागं घागर घेऊन पळालेला माणूस पाणी सांडंल का? रणधीर सोता म्हणला, मामांच्या हातनं थेंब वाया जाणार न्हाय. आन् मग आमी आपल्याकडची तोड काढली. कुलूप."

उन्हाळ्यात आपल्याकडं पिंपाला कुलूप लागतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. रणधीरनं टाकीच्या नळाला तसंच छोटं पितळी कुलूप घातलं. किल्ली कुणाकडं? दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही. किल्ली घरातल्या थोरल्याकडं. मी ती करदोड्याला बांधली. पहिल्या दिवसापासनंच्या शिरस्त्याप्रमाणं सकाळी मी उठायचो, हंडा घासून ताजा भरून ठेवायचो, कारण टाकीच्या पाण्याला प्लास्टिकचा वास येतो आणि तांब्यातलं पाणी गोड लागतं. दिवसभर तिघांनी हंड्यातलं प्यायचं. टाकीला हात लावायची सोयच नाही.

"आन् तरी?"

"तरी रेघ खाली."

"या अल्ला."

"हे बघा, खोटं न्हाय." मी सदरा वर करून करदोडा दाखवला. "उतरायच्या गडबडीत किल्ली द्यायची राहिली. अजून कमरंला हाय."

फकरुद्दीननं चष्मा पुसून किल्ली बघितली आणि माझी बोट पहिल्यांदा खरी मानली. चपलांचं काम किल्लीनं केलं.

आत शेंगांचा आवाज मंद झाला होता.

त्यानंतर वारा पडला. शिडं म्हणजे वाळत घातलेल्या चादरी. इंजिन लावलं, तर बोटीच्या पंख्यात कुणाचं तरी फाटकं जाळं गुंतलं. रणधीर सुरी दातात धरून पाण्यात उतरला आणि खालून कापत बसला. वर ऊन असं, की लोखंडी कठड्यावर भाकरी भाजावी. पुढचं बेट दूर, रेघ पार तळाशी. रणधीर वर आला, राजेश्वरीनं टॉवेल दिला, आणि त्या टॉवेलाआडून त्यानं तिचे केस हुंगले.

"तुज्या केसाला मिठाचा वास कामून येत न्हाय?"

"परवा दोन थेंब पाऊस आलता, तो म्या घमेल्यात धरला. त्यानं धुतले."

"परवा पाऊस न्हाय आला."

"तुमी झोपले होताव."

"कुलपाची दुसरी किल्ली केलीस का तू?"

"समुद्रात? किल्लीवाला पव्हत आलता का?"

असं ते वाढत गेलं. शेवटी तो म्हणाला, आपण तिघं तहानेनं मेलो तर तुझ्या केसांपायी मरू. ती उठली. बोटीच्या टोकाला जाऊन पाठ करून बसली. खरं सांगतो, वादळापेक्षा ती पाठ वाईट होती.

आत आवाज पूर्ण थांबला. कडूबाई हळूच म्हणाली, "असं बोलला रणधीर?"

हीच वेळ होती. मी घसा खाकरला.

"दुसऱ्या दिवशी पहाटं मला जाग आली. दोघं दोन टोकाला झोपलेली. मी कठड्याशी आलो आन् बघतो तर काय, भाई, बोटीच्या बुडातनं एक हात वर येतोय."

"माणसाचा?"

"माणसाचा असता तर रामराम घातला असता. ऑक्टोपस! आठ हातांचं ते बुळबुळीत जनावर. येवढालं, की भूमच्या बसस्थानकात एक हात ठिवला तर दुसरा वाशीच्या फाट्यावर जाईल. टाकीला हवा जायला बाहेरच्या अंगाला एक बारकी नळी असती. त्या नळीत त्यानं हाताचं टोक घातलेलं आन् पाणी वढतोय. घट्, घट्, घट्."

"त्याला समुद्राचं पाणी काय कमी हाय?"

"खाऱ्यात जन्म काढल्याव तुमाला गोड्याची किती तहान लागंल?"

फकरुद्दीननं जरा विचार केला आणि मान डोलावली. माणूस भला.

"मग?"

"मग म्या आवाज न्हाय केला. पोरगी भ्याली असती. गुपचूप आत गेलो, कडूबाईनं दिलेला काळा मसाला आनला, मूठभर त्या नळीच्या तोंडाला चोळला. त्यानं पुढचा घोट घेतला मात्र! पहिल्यांदा त्याचा रंग बदलला. मग तो शिंकला. आठ हात असल्यावर शिंक बी आठपट. बोट अशी उडाली, की वारा पडलेला असताना आमी पुढं सरकलो. आन् जाता जाता त्यानं सूड म्हणून हात फिरवला आन् कठड्यावरचा हंडा उचलून तळाशी घेऊन गेला."

"माजा हंडा!" कडूबाई ओरडली.

"तुजाच. त्येनं आता लेकीच्या लग्नात दिला असंल. पण त्या दिवसापासनं, भाई, रेघ हलली न्हाय. तिघांच्या पिण्यापुरतं उतरायचं, एक बोटभर जास्ती न्हाय. चोर गेला. न रणधीर, न राजेश्वरी. चोर आठ हातांचा."

मी बिडी पेटवली आणि आतल्या आवाजाची वाट बघत बसलो. पोरगी हसली की झालं. उद्या रणधीर येईल, मी ऑक्टोपस त्याच्याही गळ्यात घालीन, दोघं बोटीवर, आणि दिवाळीनंतर मीही.

शेंगा काही फुटेनात.

राजेश्वरी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हातात फोलपटं तशीच.

"मामा, तुमी हे तवा कामून न्हाय सांगितलं?"

"तवा कोण खरं मानलं असतं, पोरी?"

"तवा तर तुमी म्हणलाव, हंडा वाऱ्यानं गेला."

"तू भ्यायला नको म्हणून."

"वारा पडलेला होता, मामा. तुमीच आत्ता सांगितलं."

फकरुद्दीननं उजवा कान माझ्याकडं केला. मी म्हणालो, "ऑक्टोपसनं वारा घातला असंल."

पण ती आता माझ्याकडं बघतच नव्हती. कसला तरी हिशेब लावत होती. "हंडा गेला त्याच दिवसापासनं रेघ थांबली," ती सावकाश म्हणाली. "ह्यांनी मला म्हणलं, बघ, तुला बोललो आन् पाणी थांबलं, म्हंजी तूच. त्या एका बोलापायी म्या पुढच्या बेटावर उतरून विमानानं परत आले. पण मला बोलणी बसली ती आदल्या दिसी. आन् दुसऱ्या पहाटं हंडा गेला."

"ऑक्टोपसनं नेला," मी आठवण करून दिली.

"मामी," ती वळून म्हणाली, "घरी मामा सकाळी हंड्याचं काय करतेत?"

मी कडूबाईला डोळ्यांनी खुणावलं. संसाराला इतकी वर्षं झाली, पण ही बाई माझी खूण वेळेवर ओळखेल तर शपथ.

"काय करतेत म्हंजी?" कडूबाई म्हणाली. "रातचं पाणी ह्यांना शिळं लागतं. कितीबी उरू दे, दिस उगवायला हंडा उचलायचा, सगळं लिंबाच्या बुडाला वतायचं, हंडा घासायचा आन् ताजं भरायचं. दुष्काळात बी सोडलं न्हाय. म्हणून तर लिंब असा तरारलाय."

अंगणातलं लिंबाचं झाड वाऱ्यावर सळसळलं. त्याला काय कळतं, पण वेळ चुकीची होती.

"आन् तितं," कडूबाई माझ्याकडं बघत म्हणाली, "लिंब कुठलं?"

फकरुद्दीन म्हणाला, "बब्रूभाई, बोलो ना."

मी म्हणालो, "तो ऑक्टोपस..."

"वतताना निसटला व्हय माजा हंडा?" कडूबाईनं विचारलं.

राजेश्वरीनं फोलपटं ओट्यावर टाकली, कमरेचा मोबाइल काढला, नंबर लावला आणि तो माझ्या तोंडासमोर धरला. फकरुद्दीनच्या डाव्या कानालाही ऐकू जाईल एवढा आवाज मोठा केला होता. पलीकडनं रणधीर म्हणाला, "हां, बोल. मामांनी काय सांगितलं का न्हाय?"

"सांगितलं," राजेश्वरी म्हणाली. "ऑक्टोपस सांगितला. ते सगळं खोटं हाय. रोज पहाटं आक्खा हंडा शिळा म्हणून समुद्रात वतला, आन् बोलणी म्या खाल्ली. उद्याच्या गाडीनं या आन् आल्या आल्या आदी माजी माफी मागा. चोर घावलाय. टाकीची किल्ली कमरंला बांधून हितं ओट्यावरच बसलाय."